बिनमातीची बाग आणि खालच्यांची झोप

...थेंब! एक थेंब हो! तुम्हाला सांगतो, एका थेंबापायी माणसानं माणसाची अख्खी बाग उठवावी? बरं, पडला कुठं, तर खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर! खालचे म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. रिटायर झालेत, आता दिवसभर उद्योग काय, तर मान वर करून माझी बाल्कनी बघत बसायचं आणि जरा काही ठिबकलं की हाक, "अहो वरचेऽऽ! माती आली बघा तुमची!" जसं काही मी पार्सल पाठवलंय! शेवटी गेले इमारतीच्या कमिटीकडे आणि कमिटीनं फर्मान काढलं, बाल्कनीत माती नको. संपलं! अहो, माझ्या टोमॅटोला पहिलं फळ धरलं होतं... हिरवंगार, गोटीएवढं... रोप वाकू नये म्हणून माझ्या बुटाची नाडी बांधली होती मी त्याला! ते रोप स्वतःच्या हातानं जिन्याखाली नेऊन ठेवलं, कुणीतरी न्या रे बाबा म्हणून. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी. पण बोललो काही? छे! मी शांत माणूस आहे.

पण शांत माणसाच्या डोक्यात एकदा तिडीक गेली ना, की तो आरडाओरडा करत नाही, तो वाचत बसतो! आणि वाचता वाचता सापडलं... माती नकोच मुळी! नुसत्या पाण्यावर भाजी! पाईपला भोकं पाडायची, भोकात जाळीची वाटी, वाटीत स्पंजात खोवलेलं रोप, खाली बादली, बादलीत खताचं पाणी, आणि ते पाणी पंपानं वर चढवायचं की पाईपातून फिरून परत बादलीत. मातीचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही! म्हटलं, खालचे, तुम्ही मला पाण्यात बघता काय? थांबा, आता सगळी बागच पाण्यात!

प्लंबरला बोलावलं. तो पाईप बघतो, बाल्कनी बघतो, मला बघतो... "साहेब, संडास कुठं बसवायचाय?" म्हटलं, बाबा रे, यातून पालक येणार आहे. तेव्हापासून तो माझ्याशी हळू आवाजात, जपून बोलायला लागला. मग खत. दोन बाटल्या असतात, बादलीतल्या पाण्यात आधी एक घालायची, ती विरघळली की दुसरी. मी घाईघाईत एकाच मगात ओतल्या, तर त्याचं झालं दही! आमची ही दारात उभी, हाताची घडी घालून. "तुम्ही खालच्यांचा सूड घेताय की आपला?" दह्याचा तो मग विसळला आणि पुन्हा मापं घ्यायला बसलो. मी शांत माणूस आहे.

आणि आता खरी गंमत ऐका! पंप घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणतो, "हा घ्या, अजिबात आवाज नाही." मी म्हटलं, आवाजाचा नाही का? "म्हणजे?" म्हणजे घरघर करणारा, खळखळ करणारा, जमिनीतून खाली जाणारा... नाहीये? त्यानं आतून धूळ खात पडलेला एक काढून दिला, वर म्हणाला, "परत घेणार नाही हं!" अरे, परत कोण देतंय! कारण काय आहे, दुपारी जेवणं झाली की खालचे आडवे होतात. त्या वेळी बेल वाजवली तर पोस्टमनलासुद्धा शिव्या! आणि त्यांचा पलंग बरोबर माझ्या पलंगाखाली. पाईप बाल्कनीत, पण बादली? बादली आणली पंपासकट झोपायच्या खोलीत, उघड्या फरशीवर! जेवण झालं, बटण दाबलं... घर्रर्र... खळ्ळ खळ्ळ खळ्ळ... अहाहा! तुम्हाला सांगतो, इतकं गोड संगीत मी आयुष्यात ऐकलं नाही. माझीही झोप गेली, पण वचपा काढायचा म्हणजे एवढं सोसावंच लागतं!

पालक वर आला, लेट्यूस वर आलं, खालचे काही वर येईनात! म्हटलं, मूग गिळून बसलेत. नाक दाबलंय, तोंड उघडेलच. आणि एके सकाळी बेल! दारात खालचे! मी कमिटीचा कागद हातात घेऊनच उभा, म्हटलं बोला, कण पडला? थेंब पडला? तर त्यांनी माझा हात हातात घेतला हो! डोळ्यांत पाणी! "अहो वरचे... आमची ही गेल्यापासून दुपारी नुसता छताकडे बघत पडायचो. बेल वाजली तरी चिडायचो. आता तुमच्याकडून तो झऱ्यासारखा आवाज येतो आणि कसा डोळा लागतो म्हणून सांगू! बंद नका करू बरं का!"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच! अहो, राग कुठं ठेवायचा मी? एक दिवस मुद्दाम बटण दाबलंच नाही, तर हजर! "वरचे, तब्येत बरी आहे ना?" आतून आमची ही म्हणते, "लावा हो तो पंप, माणूस ताटकळलाय!"

आणि परवा काय आणलं माहितीये? कुंडी! मातीची, ओली, भरलेली कुंडी! "कुणा निर्दय माणसानं जिन्याखाली टाकलं होतं हो बिचारं रोप. मी घरात वाढवलं, पण मला ऊन नाही, फळं लाल होईनात. तुमच्या बाल्कनीत राहू दे. कमिटीला मी सांगितलंय, ते काही म्हणणार नाहीत." बघतो तर काय... टोमॅटो! देठाला माझ्या बुटाची नाडी!

निर्दय! मी!

आता रोज दुपारी खालचे खाली घोरत असतात, पंप वर घरघरत असतो, आणि मी टक्क जागा, बाल्कनीत उकिडवा बसून, त्यांच्या टोमॅटोला चमच्यानं पाणी घालतो. हो, चमच्यानं! जाताना बजावून गेलेत ना, "पाणी बेतानं घाला बरं का, वरचे... खाली माझी चादर असते."

काय करता... मी शांत माणूस आहे.