मेंढीकोटाला चौथा

नाही, पण तुम्हीच सांगा, देवतळे काकांचं चुकलं काय? अहो, नागड्या लोकांच्या क्लबातून माणसाला काढून टाकतात... आणि कशाबद्दल? तर असभ्यपणाबद्दल! आता बोला! अंगावर सूत नाही अशी ती सगळी मंडळी, त्यांच्यात एकटा पंचा नेसलेला आमचा माणूस, आणि असभ्य कोण, तर पंचेवाला! ऐकूनच डोक्यात तिडीक जाते की नाही? थांबा, पहिल्यापासून सांगतो.

देवतळे काका म्हणजे नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले. दोन हजार आठच्या मे महिन्यात काकूंना घेऊन मुलाकडे, शंतनुकडे, मार्कहॅमला आले. आता मार्कहॅम तुम्हाला माहीतच आहे... घरं झकास, लॉन झकास, आणि रस्त्यावर माणूस? औषधाला नाही! शंतनु आणि सूनबाई सकाळी उठून नॉर्थ यॉर्कला ऑफिसात, नातू डे-केअरला, काकू किचनमध्ये आणि काका खिडकीत. गार्बेजचा ट्रक आला की काका त्याला हात करायचे, काय सांगू तुम्हाला! अहो, नागपुरात रोज संध्याकाळी ओट्यावर चौघं जमवून मेंढीकोट खेळल्याशिवाय ज्या माणसाला घास उतरत नव्हता, तो माणूस गार्बेजच्या ट्रकला हात करतोय! आणि मेंढीकोटाचं कसं आहे, चार गडी लागतात, दोघं इकडचे भिडू, दोघं तिकडचे, दश्श्या पकडायच्या. तिघांत होत नाही. शंतनुला विचारलं तर तो म्हणतो, "बाबा, वीकेंडला बघू हं." आणि वीकेंडला काय? ग्रोसरी, लॉन्ड्री, आणि कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बर्थडे!

तर अशात कुंपणापलीकडचा वॉल्टर भेटला. साठीपुढचा, बायको गेलेली, एकटाच. काकांना म्हणाला, "रॅव्ही"... रविकांतचं त्याने पहिल्याच दिवशी रॅव्ही करून टाकलं... "रॅव्ही, आमचा क्लब आहे, समरमध्ये दर सॅटरडेला आउटिंग. स्विमिंग, व्हॉलीबॉल, पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने घरून काहीतरी आणायचं, कॉर्न भाजतो, लेकवर जातो. पण आधीच सांगतो हं, तिथे कुणी कपडे घालत नाही. तू घातलेस तरी चालेल." सरळ सांगितलं हो त्याने, माणूस सरळ आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. काकांनी एकच प्रश्न विचारला, "कार्ड्स?" वॉल्टर म्हणाला, "ऑल आफ्टरनून!" संपलं! काका म्हणाले, "आय ॲम कमिंग."

घरी सांगितलं, सीनियर्सचा क्लब आहे. खोटं नव्हतं, सगळे सीनियरच होते! शंतनु खूश. "ग्रेट बाबा, सोशलाइज करा, घरात बसून बसून डिप्रेस व्हाल." काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या तळून दिल्या डबाभर. कुठे चालल्यात त्या पुऱ्या, हे त्या माउलीला काय ठाऊक!

पोचले. टोरोंटोच्या बाहेर, शेतं लागतात तिकडे, झाडीत एक मोठं मैदान. गाडीतून उतरल्या उतरल्या वॉल्टरने शर्ट काढला, पँट काढली, घड्या घालून मागच्या सीटवर ठेवल्या आणि निघाला, नुसती हॅट आणि चपला! काका म्हणतात, अरे बाप्पा! पहिली पाच मिनिटं नजर कुठे ठेवायची हेच कळेना... झाडांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पुऱ्यांच्या डब्याकडे पाहिलं. आणि मग सवय झाली! लगेच! कारण सगळी मंडळी आपल्याच वयाची, पोटं आपल्यासारखीच, गुडघेही आपल्यासारखेच कुरकुरणारे. काका म्हणाले, आपण नदीवर आंघोळीला जात होतो तेव्हा काय वेगळं होतं? काकांनी सदरा-लेंगा काढला, बनियन ठेवला आणि कमरेला पंचा. आता तिथे नियम असा की खुर्चीवर बसायचं तर आधी टॉवेल अंथरायचा, उघडं बूड खुर्चीला टेकवायचं नाही. काका पंचा नेसूनच बसले की, खुर्ची आणि काका यांच्यामध्ये पंचा आलाच! बसलं नियमात! तेव्हा कुणी असभ्य म्हणालं का? नाही!

आणि मग पत्ते निघाले. वॉल्टर, ती बार्बरा, तिचा नवरा डग, आणि काका. काकांनी मेंढीकोट शिकवला आणि तुम्हाला सांगतो, ती माणसं अशी रंगली, अशी रंगली, की तिकडे कॉर्न करपले तरी पत्ता नाही! डगने दश्शी पकडली की "मेंढीऽऽ!" म्हणून ओरडायचा, नागडा उभा राहून! काका म्हणाले, कॅनडात आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर हसलो. आता कळतंय ना, काकांचं काय पणाला लागलं होतं? कुणाला वाटेल, पत्तेच तर आहेत. पण त्या माणसाला आठवड्यातला तो एक दिवस होता हो. रविवारी सकाळपासून तो पुढच्या शनिवारची वाट बघायचा.

मग बिघडलं कुठे? ऐका. दुसऱ्या शनिवारी बार्बरा समोरून आली, आणि काकांनी आपलं प्रेमाने, मनापासून, जसं आपण कुणालाही म्हणतो तसं म्हटलं, "बार्बरा! यू हॅव बिकम हेल्दी! व्हेरी गुड! ऑल साइड हेल्दी!" म्हणजे काय? तब्येत सुधारली हो तुमची, एवढंच ना? नागपुरात बाई लाजून म्हणाली असती, "कुठे जी, तुमचं आपलं काहीतरीच," आणि चहा टाकला असता! इथे? व्हॉलीबॉल थांबला.

पुढे डग. डगच्या पोटावर हा एवढा टाक्यांचा व्रण. आता दिसतोय ना डोळ्यांसमोर? दिसतोय! मग विचारायचं नाही? काकांनी विचारलं, "गॉल ब्लॅडर? की अपेंडिक्स? ओपन करून, की भोकं पाडून? डॉक्टर कोण?" आणि एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून पंचा बाजूला करून आपल्या हर्नियाचा व्रणही दाखवला. आता गंमत पाहा, दाखवला त्याबद्दल एक अक्षर नाही! कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही! तक्रार कशाची, तर विचारल्याची! म्हणजे दाखवलेलं चालतं, बोललेलं चालत नाही! कुठला हा न्याय?

त्या क्लबाची प्रेसिडेंट होती लॉरेन. तिने काकांना झाडाखाली बोलावलं. काका टॉवेलवर, ती टॉवेलवर. तिच्या अंगावर फक्त वाचायचा चष्मा. आणि तोंडावर ती कॅनेडियन माया... "रॅव्ही डिअर, वी आर सो हॅपी टू हॅव यू. बट हिअर, वी डोंट कॉमेंट ऑन पीपल्स बॉडीज. एव्हर." काका म्हणाले, "मॅडम, देन कॉमेंट ऑन व्हॉट?" अहो, बरोबरच आहे! तिथे दुसरं आहे काय बोलायला? शर्ट असता तर शर्टाबद्दल बोलले असते! साडी असती तर कुठून घेतली म्हणून विचारलं असतं! तुम्हीच काही शिल्लक ठेवलं नाहीत आणि वर म्हणता बोलू नका! लॉरेन म्हणाली, "यू कॅन टॉक अबाउट द वेदर." आणि गोड हसून पुढे म्हणाली, पुन्हा असं झालं तर सीझनभर येता येणार नाही.

सीझनभर! म्हणजे परत खिडकी आणि गार्बेजचा ट्रक! काका घाबरले हो. पुढचा सबंध आठवडा प्रॅक्टिस केली. आरशासमोर उभं राहून, "नाइस डे. लिटल क्लाउडी." काकूंना वाटलं, इंग्लिश सुधारतायत.

आणि मग ती लेकची ट्रिप. जुलैचा शनिवार, ऊन असं की विचारू नका. लाकडी धक्क्यावर सगळे पसरलेले, काका दात-ओठ आवळून बसलेले. बार्बराच्या पायाला सूज दिसली, गप्प. एकाच्या पाठीवर घामोळं उठलेलं, ओठांवर चंदनाचा लेप आला होता, गिळला, गप्प. कुणी जवळ आलं की, "नाइस डे!" लॉरेन लांबून मान डोलवतेय, शाब्बास. आणि जेवण झाल्यावर वॉल्टर पालथा पडला आणि घोरायला लागला. क्रीम नाही, छत्री नाही, काही नाही.

काका बघतायत. आधी वॉल्टर गुलाबी झाला. मग लाल. मग असा लाल, जसं टोमॅटोला उकळत्या पाण्यात टाकतात ना सालं काढायला, तसा! आणि सगळ्यात लाल तो भाग, जो माणसाच्या जन्मात कधी उन्हात येत नाही! आता काय करायचं सांगा? बोललं तर पत्ते गेले, नाही बोललं तर वॉल्टर गेला! काका जवळ गेले, हळूच म्हणाले, "वॉल्टर, टुडे वेदर इज व्हेरी सनी." घोरतोय. "वेदर इज टू मच सनी, वॉल्टर!" कूस बदलेल तर शपथ! बाकीचे? बाकीचे बघतायत, पण कॉमेंट कोण करणार? सभ्य माणसं ना सगळी! शेवटी काकांना राहवेना. त्यांनी आख्ख्या लेकवर ऐकू जाईल असा आवाज लावला, "वॉल्टर! गेट अप! युअर बॅकसाइड इज रोस्टेड!"

पलीकडच्या काठावरचे कॅनूवाले थांबले. लॉरेनने चष्मा काढला. आणि काका सस्पेंड! सीझनभर! एका माणसाची कातडी वाचवली म्हणून! आता बोला, चुकलं काय हो काकांचं?

परत येताना गाडी काकांनी चालवायची म्हटली तर लायसन्स नाही, आणि वॉल्टरला सीटवर टेकवेना. कसाबसा अर्धा उभा राहून त्याने गाडी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपणाशी आला, काकांना सॉरी म्हणायला. सैल गाऊन घातलेला, पाय फाकवून चालतोय. आणि नेमक्या काकू अंगणात, कोथिंबिरीला पाणी घालत होत्या.

"काय झालं हो ह्यांना?"

"ऊन लागलं," काका म्हणाले.

"कुठे?"

"पाठीला."

"पाठीला लागलं तर पाय असे कशाला टाकतायत?"

"खाली पण लागलंय जरा."

काकूंनी पाण्याचा पाइप बंद केला. "खाली? खाली कसं लागलं हो ऊन?"

तुम्हाला सांगतो, जो माणूस अख्ख्या कॅनडाच्या अंगाबद्दल बोलत सुटला होता, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना! काकू म्हणाल्या, "बोला की! आता का दातखीळ बसली?" मग काय, सगळं सांगावं लागलं. क्लब, पंचा, बार्बरा, डग, लॉरेन, पत्ते... काकांनी मान खाली घातली, आता आभाळ कोसळणार. आणि कोसळलंच! पण कशावरून? काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मेंढीकोट खेळलात? माझ्याशिवाय? मी इथे दिवसभर भिंतींशी बोलतेय, तुमच्यासाठी पुऱ्या तळतेय, आणि तुम्ही तिथे चौघं जमवून दश्श्या पकडताय? चाळीस वर्षांत एकदा तरी विचारलंत, तू बसतेस का म्हणून? आमच्या माहेरी मला भिडू घ्यायला भांडणं व्हायची!" काकांनी वाकून पाण्याचा पाइप उचलला आणि स्वतःच कोथिंबिरीला पाणी घालायला लागले.

वॉल्टर बिचारा कुंपणापलीकडून बघतोय, त्याला भाषा कळेना. पण "मेंढीकोट" एवढं कळलं. त्याने विचारलं, "शी प्लेज?"

झालं! पुढच्या शनिवारी सकाळी काकू तयार. साडी, वर स्वेटर, पायात मोजे आणि स्पोर्ट शूज. काका म्हणाले, "अगं, तिथे कसे लोक असतात, सांगितलं ना मी!" काकू म्हणाल्या, "असू देत. मला त्यांचे पत्ते बघायचेत." आणि गेल्या. चौथा गडी म्हणून काकांच्या खुर्चीत बसल्या, आणि पहिल्याच दिवशी वॉल्टरला भिडू घेऊन चारही दश्श्या पकडून त्या डग-बार्बरावर कोट चढवला!

बरं, आता तरी नियम सगळ्यांना सारखा असावा की नाही? अहो, काकूंना इंग्लिश येत नाही. त्या बार्बराचा हात हातात घेऊन, हसून, मराठीत म्हणतात, "काय गं बाई हे पोट! जरा भात कमी कर!" आणि डगला म्हणतात, "हे टाके कुण्या न्हाव्याने घातले रे बाबा?" आणि लॉरेनला तर काय काय म्हणाल्या, ते इथे सांगण्यासारखं नाही! आणि ती लॉरेन? ती डोळ्यांत पाणी आणून वॉल्टरला म्हणते, "शी इज द काइंडेस्ट पर्सन आय हॅव एव्हर मेट." लाइफ मेंबर करून घेतलंय काकूंना!

आणि काका? काका घरी. दर शुक्रवारी रात्री पुऱ्या तळतात.