वायरीचं सासर

हॅलो?… हॅलो… कोण, कमळी? बोल गो, मी आईच बोलत्ये.

हो, हो… मिळाला जावईबापूंचा निरोप. कॉम्प्युटर चालत नसेल तर उद्याच्या एसटीने मुंबईला परत धाडा, दुकानात दुसरं गिऱ्हाईक थांबलंय… अगो ऐक ना. धाडत नाही म्हणत्ये मी.

का म्हणजे? चालतोय म्हणून.

छे, चारूने कसला केला? तुझा भाऊ अलोऱ्याला मोठा इंजिनेर, पण दोन दिवस त्या दोन वायरी घेऊन टेबलाखाली उपडा पडला होता. टीव्हीवर कॉम्प्युटरची अक्षरं दिसत होती, सुनेत्राची ती विजेवर वाजणारी पेटी, तो कीबोर्डही वाजत होता, पण पेटीतले सूर कॉम्प्युटरात काही जाईनात. सून माझी तोंड एवढंसं करून बसलेली…

मी केलं. हस, खुशाल हस.

अगो, पेटी नि कॉम्प्युटर, दोघांच्याही पाठीला दोन-दोन गोल भोकं. चारूला विचारलं, वर लिहिलंय काय? म्हणाला, एक आउट, एक इन. बाहेर आणि आत. आणि ह्या शहाण्याने आउटला आउट जोडलेलं, इनला इन… हो ना, नावं जुळतात म्हणून. म्हटलं, मेल्या, हे सगोत्र झालं. मुलगी एका घरातून बाहेर पडते ती दुसऱ्या घरात आत शिरते. दोन्हीकडून बाहेरच पडल्या, तर नांदायचं कोणी?

…फिरवल्यान् वायरी.

काय?… ठाऊक आहे गो. लग्नात सुनेत्राने आणलेली बाजाची पेटी मीच माळ्यावर टाकायला लावली. आमच्यात सुना वाजवत नाहीत म्हटलं होतं. तू भांडलीसही. बारा वर्षं झाली, आता नको उगाळू.

ऐकू येतंय तिथवर? थांब, फोन तिकडे धरत्ये…

…ऐकलंस? नाही, ती वाजवत नाहीये. ती इथे माझ्या शेजारी उभी, पदर तोंडाला लावून. मघाशी तिने वाजवलं, तेच कॉम्प्युटर पेटीकडून वाजवून घेतोय.

जावईबापूंना सांग, परत धाडण्यात सासूने मोडता घातला… मी कशाला रडू? सर्दी आहे.

थांब हं जरा… सुनेत्रा, उभी काय राहिलीस? बस, आणखी वाजव. तांदूळ मी धुवत्ये.

ठेवत्ये गो.