पाटी पुसायची राहिली

...आता मला सांगा, पाटी पुसायची राहिली यात माझा काय गुन्हा? वडवणीतली निजाम सरकारची शाळा, मी तिथला मास्तर, दुसऱ्या दिवशी तपासायला मोहतमीम साहेब येनार, अन त्यांचं ठरलेलं गनित एकच, दहा लाखाला सातानं भागा! म्हनून बसलो घरी पाटीवर भाग देत. आले एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न, बाकी एक. नेमका त्याच दिवशी आमचा थोरला, बंकट, सहा दिसांचा झालता. सहाव्या दिवशी सटवाई येती, लेकराचं नशीब लिहिती, तिच्यासाठी कोरी पाटी ठेवायची, हे तुमाला काय सांगायचं? मी ठेवली. कोरी न्हाई... तीच!

सकाळी कडूबाई सुईन पाटी बघून मटकन खालीच बसली. "मास्तर, देवीनं लिहायचं ते तुमीच लिवून दिलं की वो."

मी हसलो. पन जीव थाऱ्यावर ऱ्हाईना, म्हनून त्या आकड्याची दुप्पट केली. १४२८५७ चे झाले २८५७१४. तिप्पट केली, ४२८५७१. चौपट, पाचपट, सहापट... तुमाला सांगतो, तेच सहा जन, नुस्ती जागा बदलून!

म्हनलं असंल गंमत. पन बंकटच्या मनगटावर ओळीनं सहा तीळ, चौथा मोठा. म्हाळू झाला, त्यालाबी सहाच, मोठा दुसरा. सटवा झाला, मोठा तिसरा. पाटीवर ताडून बघितलं तर आकड्यातला आठबी तिथंच, चौथा, दुसरा, तिसरा! पुढच्या तिघांचंबी तसंच. बाकीच्या पाचांना मी कोरीच पाटी ठेवलती, शप्पत! आता सहाच्या सहा माझ्याच वर्गात. बंकट म्हनलं की म्हाळू 'हाजिर' म्हनतो, म्हाळू म्हनलं की सटवा. रोज बघावं तर तेच सहा जन, नुस्ती जागा बदलून!

परवा आमची सावित्रीबाई लाजत म्हनली, पुन्हा दिवस गेलेत. सातवं!

सातपट मी कधी केलीच नव्हती. कावून करीन? त्या दिवशी केली. ९९९९९९. एक न्हाई, चार न्हाई, दोन न्हाई... सहाच्या सहा गायब! माझी सहा लेकरं हायत वो, लई भ्यालो. तवापासून हजेरी दोनदा घेतो.

सावित्रीबाई म्हनती, यंदा पाटी मी सोता धुवून ठिवते. ठेव बाई. पन मास्तर हाय मी, सहा येळा लिहिलेलं कुनी इसरत न्हाई... अन सटवाईला तर आता पाटी बघायचीबी गरज न्हाई.