काळरेखेचा वारस

संघमित्रा : ती पिशवी आधी बाजूला ठेव. मग बोलू आपण.

अनय : पिशवी रिकामी आहे, ताई. तलवार तुमच्या टेबलावर ठेवलीय, की-बोर्डशेजारी. बघा ना नीट.

संघमित्रा : बघितली रे. झकास झालीय. मुठीवरचा मासा तर आमचा चित्रकार धवल काढतो त्याहून छान. कशाची बनवलीस?

अनय : ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाची. कांजूरमार्गला एका वर्कशॉपमध्ये टूलरूमला आहे मी. ड्युटी सुटली की रोज दोन तास. चार महिने लागले. अंक तीन, पान सतरावर तुम्ही लांबी दिलीय, तेवढीच आहे. मोजून घ्या.

संघमित्रा : कॉमिकचे बारा अंक लिहिले मी या काळरेखा तलवारीवर, मलाच आठवत नाही लांबी. पण काय रे, घरात भिंतीवर लावायची तर धार कशाला दिलीस?

अनय : भिंतीवर नाही लावायची.

सई : कागद नुसता वरून सोडला तरी दोन तुकडे होतात. ताई, मी सई. ह्याची बहीण. आल्यापासून आपण बोललोच नाही ना. मी पण सगळे अंक वाचलेत.

संघमित्रा : अगं मग बस ना, उभी काय राहिलीस? मुलुंडला आमच्या ऑफिसात वाचक येतात तरी कुठे! चहा सांगते खाली.

अनय : नको. दाराला कडी लावलीय मी. चहावाल्यासाठी उघडावी लागेल.

संघमित्रा : कडी का लावलीस?

अनय : मध्येच कोणी यायला नको.

संघमित्रा : धवल येईल एवढ्यात. त्यालाही दाखव की ही.

अनय : धवलदादा वाशीला गेलेत, प्रिंटरकडे. सकाळी तुम्हीच फोटो टाकलात. घाबरू नका ताई. तुम्हाला काही करायला नाही आलो.

संघमित्रा : मग सरळ सांग ना बाबा, काय हवंय?

अनय : काही नको. मला उत्तर मिळालंय. अंक बारा, शेवटचं पान, ‘काळरेखा बोलते’. मी पत्र लिहिलं होतं. तुझा धनी सागरधर मेला, आता तुझा वारस कोण? मी आहे का? त्याच्या खाली तलवारीचं उत्तर छापलंय. वाच गं सई.

सई : ‘घाटकोपरच्या अनय, होय. तूच. पोलाद तापव.’

संघमित्रा : बाप रे. अरे, ते मी लिहिलंय! वाचकांची पत्रं येतात, त्यांना तलवारीच्या आवाजात उत्तर द्यायचं, ही आमची पद्धत. गंमत म्हणून. पत्रं येतात शंभर, मी पडले एकटी. म्हणून तीन उत्तरं तयार करून ठेवलीत. एक ‘होय’, एक ‘नाही’, एक ‘थांब’. ओळीनं टाकत जाते. तुझ्या वरच्याला ‘नाही’ गेलं, खालच्याला ‘थांब’. बघ ना, तिथेच छापलंय.

अनय : बघितलंय. मला ‘होय’ का आलं?

संघमित्रा : नंबर लागला म्हणून!

अनय : नंबर कोण लावतं?

संघमित्रा : कोण म्हणजे? टपाल, ईमेल, जे आधी येईल ते.

अनय : अंक सात, पान नऊ. ‘लेखनिकाला वाटतं, आपणच लिहितोय. हात त्याचा असतो, वाक्य माझं.’ तलवार म्हणते असं.

संघमित्रा : अरे, तलवार कुठली म्हणते? तेही मीच लिहिलंय!

सई : तेच तर म्हणतोय ना तो.

संघमित्रा : वाट लागली. अनय, ऐक माझं. पोटापाण्यासाठी गोष्टी रचते मी. एक पान संपताना वाचक घाबरला पाहिजे, की पुढचा अंक घेतो. एवढंच आहे ते.

अनय : तुम्ही चांगल्याच रचता. म्हणून तर तिनं तुम्हाला निवडलं. परीक्षा लेखनिकाच्या डोळ्यांसमोर व्हावी लागते, अंक अकरा. म्हणून इथे आलो.

संघमित्रा : परीक्षा? अनय, तलवारीला हात लावू नकोस. खाली ठेव. ठेव म्हणते ना!

अनय : तुम्हीच लिहिलंय. ज्या माणसावर सगळ्यात जास्त जीव, त्याच्या मानेवर घाव घालायचा. काळरेखा निष्पापाला कापत नाही. पाण्यातून जावी तशी आरपार जाते. तशी गेली की वारस खरा. मग ती वारसाला मेलेलं एक माणूस परत देते.

संघमित्रा : कोण गेलंय तुमचं?

सई : आई. आठ महिने झाले. दुपारी घरात एकटीच होती. हार्ट. शेजारच्या जयंतीकाकूंनी संध्याकाळी दार फोडलं, तोवर सगळं संपलं होतं.

संघमित्रा : अगं सई... आणि ही मान कुणाची ठरलीय, कळतंय का तुला?

सई : माझी. मीच म्हटलं त्याला, चल.

संघमित्रा : डोकी फिरलीत का रे तुमची? थांबा. दोन मिनिटं थांबा. तलवारच बोलायला हवी ना तुला? मी लिहिते. नवीन उत्तर, आत्ता. हे बघ. ‘अनय, माझी चूक झाली. कृपा करून मला खाली ठेव.’

अनय : हे तिचं नाही.

संघमित्रा : का नाही? त्याच खुर्चीत बसलेय, तोच हात आहे!

अनय : ती ‘कृपा करून’ म्हणत नाही. बारा अंकांत एकदाही नाही म्हणाली. आणि चूक झाली असं तर नाहीच.

संघमित्रा : दुसरं लिहिते. थांब रे. घाबरलेय मी. खरंच सांगते, आयुष्यात एवढी घाबरले नव्हते.

अनय : लेखनिक घाबरतोच. अंक अकरा, पान चार. सई, केस पुढे घे. गुडघ्यावर बस.

सई : असं?

अनय : थोडी अलीकडे. हां. हलू नकोस.

संघमित्रा : अनय! एक गोष्ट राहिली. परीक्षेआधी विचारावं लागतं.

अनय : काय?

संघमित्रा : ती निष्पाप आहे का, ते. तिच्याच तोंडून.

अनय : हे कुठल्या अंकात आहे?

संघमित्रा : कुठल्याच नाही. अजून लिहिलं नाही. लेखनिक बोलतोय समज, नाहीतर भ्यालेली बाई बोलतेय समज. पण तुझी खात्री आहे ना बहिणीबद्दल? मग विचारायला तुझं काय जातं?

अनय : ती मुंगीला पाय लावत नाही, ताई. आई गेल्यापासून माझा डबा करते, कॉलेज करते, एक शब्द बोलत नाही. विचारायचं काय त्यात?

संघमित्रा : मग तिलाच सांगू दे. सई, इकडे बघ माझ्याकडे. आहेस तू निष्पाप?



अनय : हो म्हण ना. सई? अगं, हो म्हण.

सई : नाही.

अनय : काय नाही?

सई : नाहीये मी. आईचा फोन आला होता मला त्या दिवशी. पावणेतीनला. आम्ही कँटीनमध्ये होतो, चेतनाचा वाढदिवस, सगळे केक तोंडाला फासत होते. मी कट केला. म्हटलं, दूध आण म्हणत असेल, करू नंतर. नंतर केलाच नाही, दादा. एवढंसं काम होतं यार. केलाच नाही.

अनय : तू मला सांगितलं नाहीस.

सई : कशी सांगू? तू तिच्या साड्यांच्या कपाटापुढे बसून राहायचास.

अनय : म्हणजे तलवार खरी असती तरी तुला कापलं असतं तिनं. हे तुला माहीत होतं?

सई : हो.

अनय : आणि तरी मान पुढे केलीस?

सई : मला वाटलं, तीच काय ते ठरवू दे. माझ्याच्यानं आता होत नाही.

संघमित्रा : अगं पोरी, ठरवायला ती आहे कोण? ट्रकचं लोखंड आहे ते! अनय, बघ माझ्याकडे. आता नको तिच्याकडे बघूस. मूठ सोड. एकेक बोट सोड, घाई नाही. हं. असं. दे माझ्याकडे. केवढी जड आहे ही.

अनय : ताई, ती जोरात खाली आली असती. मी पूर्ण ताकद लावणार होतो.

संघमित्रा : माहीत आहे. बस खाली. तिच्याशेजारी बस. मी कडी काढते, आणि कुणी कुठे जायचं नाही. धवल येईपर्यंत तिघांनी इथेच बसायचं.

सई : दादा, बोल ना काहीतरी. शिव्या दे. मार मला.

अनय : मी कशाला मारू? सई... आईनं आधी मला फोन केला होता. अडीचला. मशीन चालू होतं, मी फोन उलटा करून ठेवला. परत वाजला, तेव्हाही नाही बघितलं. मी तुला कधी सांगितलंच नाही.

सई : माहीत आहे. तुला केलेले ते दोन्ही कॉल तिच्या फोनमधून मीच पुसले, तुला ते पुन्हा दिसू नयेत म्हणून.