पान तीनशे अठरा

ग्रंथपाल : या, असे जवळ या सर. ती खुर्ची ओढून घ्या. सही होईल, पण आधी एक गोष्ट ऐका. छोटीशीच आहे, आणि तुमच्या ओळखीची.

प्राध्यापक : बाई, मला गोष्ट नको, सही हवी. चार वाजता लेख पाठवायची मुदत संपते. संदर्भसूची ग्रंथपालाने तपासली असा शेरा नसेल, तर ते लोक लेख उघडूनसुद्धा बघत नाहीत.

ग्रंथपाल : ठाऊक आहे. म्हणून तर दार लोटून घेतलंय.

प्राध्यापक : दोन दिवस झाले सूची देऊन. एकसष्ट नोंदी. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मग वर्ष, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत. कुठे काय चुकलंय?

ग्रंथपाल : छे, छे. नवरीसारखी नटवलीय सूची. स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. तेवढी सदतिसावी नोंद वाचा.

प्राध्यापक : विहिरींच्या पाण्याची जुनी पाहणी. खंड नववा, पान तीनशे अठरा. बरं, मग?

ग्रंथपाल : हा घ्या नववा खंड. धूळ झटकून ठेवलाय. काढा ते पान.

प्राध्यापक : …हे मेंढ्यांच्या खुरांबद्दल आहे.

ग्रंथपाल : खुरांची सूज, कारणे व उपाय. चित्रंही आहेत. लोक उंटावरून शेळ्या हाकतात सर, तुम्ही विहिरीतून मेंढ्या काढल्यात.

प्राध्यापक : टोमणे पुरे. खरं पान कोणतं?

ग्रंथपाल : तीनशे एक्याऐंशी.

प्राध्यापक : झालं तर! आठ आणि एक उलटे पडले. माणसाच्या हातून होतं. दुरुस्त करा आणि सही करा. एवढ्यासाठी कीर्तन लावलंत?

ग्रंथपाल : कीर्तनच समजा. श्रोता एकच आहे, तोही उठायच्या बेतात. बसा. ती चूक तुमची नाहीच. चूक माझी आहे.

प्राध्यापक : तुमची?

ग्रंथपाल : बावीस वर्षांपूर्वी एका मुलीला मी चिठ्ठी लिहून दिली होती. कपाट, खंड, पान. घाईत आकडा फिरवला. पोरीने लेख शोधून काढला, वाचला, टिपणं घेतली. पण प्रबंधाची सूची करताना पान माझ्या चिठ्ठीवरून उतरवलं. बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणाली. आपलं पोर गर्दीतही ओळखू येतं ना? तशी माझी चूक मला ओळखू आली.

प्राध्यापक : कोण मुलगी?

ग्रंथपाल : मुंगी म्हणायचात तुम्ही सगळे तिला.

प्राध्यापक : बरीच मुलं येऊन गेली हाताखालून.

ग्रंथपाल : एकशे बारा विहिरी मोजणारी एकच आली.

(ग्रंथपाल खणातून गाठी मारलेली दोरी काढून टेबलावर ठेवतात.)

ग्रंथपाल : हात-हात अंतरावर गाठ, टोकाला दगड. उन्हाळ्यात एकदा, हिवाळ्यात एकदा, अशी चार वर्षं. शेवटच्या दिवशी मला देऊन गेली. बाई, आता हिचं मला काय काम, म्हणाली.

प्राध्यापक : दोरी दाखवून काय सिद्ध होतं? तुमचा चुकीचा आकडा आणखी दहा जणांकडे गेला असेल.

ग्रंथपाल : चिठ्ठी एकच होती. आठवड्याने चूक ध्यानात आली तशी धावत जाऊन जिन्यात गाठलं तिला आणि चिठ्ठी फाडून टाकली. ती म्हणाली, काळजी नको, शुद्ध प्रत लिहिताना बदलते; कच्ची प्रत सरांकडे आहे. शुद्ध प्रत झालीच नाही. का झाली नाही, ते सांगा.

प्राध्यापक : मला काय विचारता?

ग्रंथपाल : कारण कच्ची प्रत तुमच्याकडून हरवली. घर बदलताना खोकं गेलं म्हणालात. मोजणीच्या वह्याही त्यातच. चार वर्षं एका खोक्यात, आणि ते खोकं गेलं!

प्राध्यापक : गेलंच होतं ते!

ग्रंथपाल : मग गेलेलं खोकं सदतिसावी नोंद होऊन माझ्या टेबलावर कसं आलं? खोटं बोलू नकोस.

प्राध्यापक : अहो-जाहो करा बाई. मी आता तुमच्याकडे पुस्तकं मागायला येणारा पोरगा नाही.

ग्रंथपाल : बरं. खोटं बोलू नका, सर. आणि हा दुसरा तक्ता. बावीस वर्षांपूर्वीची पातळी आणि सरकारी नोंदींतली आजची पातळी. अख्खा लेख या तक्त्यावर उभा आहे. खाली काय लिहिलंय? ‘स्रोत : लेखकाची स्वतःची पाहणी.’ एका तरी विहिरीत डोकावला होतात?

प्राध्यापक : मार्गदर्शक मी होतो. विषय मी दिला, पद्धत मी शिकवली. ती नुसती मोजत होती.

ग्रंथपाल : नुसती! आयत्या बिळात शिरायचं, वर मुंगीलाच म्हणायचं की तू नुसतं खणलंस.

प्राध्यापक : तोंड सांभाळून बोला! तीन महिन्यांनी निवृत्त होताय. तुमच्या निरोपाचं भाषण मीच करणार आहे, लक्षात ठेवा.

ग्रंथपाल : अवश्य करा. फक्त त्यात तरी संदर्भ नीट द्या.

प्राध्यापक : …खोकं खरंच हरवलं होतं. चार वर्षांनी सापडलं, भावाच्या माळ्यावर. शपथेवर सांगतो. तोवर ती निघून गेली होती. कुठे शोधणार होतो मी तिला?

ग्रंथपाल : एवढं मात्र मी खरं मानते. वर बसलेला बघतोय, उगाच जास्तीचं पाप तुमच्या माथी मारणार नाही. पण शोधायचं म्हणता? प्रवेशाच्या अर्जावर घरचा पत्ता होता. मी पत्र टाकलं, तिचं उत्तर आलं.

प्राध्यापक : कुठे असते?

ग्रंथपाल : पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. घरोघर जाऊन मीटर वाचते. अजून पाणीच मोजते, फक्त लोकांच्या दारातलं. त्या वेळी वडील अंथरुणाला खिळले होते. पुन्हा चार वर्षं दोरी घेऊन हिंडायला कोण देणार होतं तिला?

प्राध्यापक : काय हवंय तुम्हाला? सरळ सांगा, वीस मिनिटं उरलीत.

ग्रंथपाल : बासष्टावी नोंद. अप्रकाशित प्रबंध, हस्तलिखित. आणि तक्त्याखाली ‘लेखकाची पाहणी’ खोडून तिचं नाव.

प्राध्यापक : आणि कुणी विचारलं, ही कोण, आजवर कुठे होती, तर? विभागप्रमुखाची निवड या लेखावर आहे बाई! बारा वर्षं वाट पाहिलीय मी.

ग्रंथपाल : तिने बावीस पाहिलीत. नाव घातलंत तर आत्ता सही करते आणि लेख वेळेत जातो. नाही घातलंत, तरी शेरा लिहीनच. ‘सूची तपासली. सदतिसावा संदर्भ लेखकाने पाहिलेला नाही. दुसऱ्या तक्त्याची पाहणी लेखकाची नाही.’ माझं अक्षर सुवाच्य आहे.

प्राध्यापक : हा सरळसरळ दबाव आहे.

ग्रंथपाल : हो, आहे.

प्राध्यापक : …ठीक. घाला नोंद.

ग्रंथपाल : मी नाही. हे पेन घ्या. तुमच्या हाताने.

प्राध्यापक : द्या इकडे. बासष्ट. अप्रकाशित प्रबंध, हस्तलिखित, वर्ष…

ग्रंथपाल : वर्ष नंतर. आडनाव आधी. तुमचाच नियम.

प्राध्यापक : आडनाव… मुंगी… ती… पुढच्याच बाकावर बसायची.

ग्रंथपाल : सूचीत मुंगी चालत नाही.

प्राध्यापक : जिभेवर आहे हो माझ्या. सांगा ना.

ग्रंथपाल : प्रबंधावर असेल की. पहिल्या पानावर.

प्राध्यापक : पहिलं पान नाही आता.

ग्रंथपाल : उंदरांनी खाल्लं?

प्राध्यापक : …नाही.

ग्रंथपाल : मग?

प्राध्यापक : मी काढलं. बास? पुस्तकं नेणाऱ्यांच्या तुमच्या या नोंदवहीत नाव असणारच. द्या ती.

ग्रंथपाल : आहे ना. तिच्या सहीसकट. हात काढा वहीवरून.

प्राध्यापक : बाई, सतरा मिनिटं राहिली!

ग्रंथपाल : पुष्कळ झाली. चार वर्षं ती रोज तुम्हाला वही दाखवायला यायची. जिना चढून आली की आधी धाप लागायची, मग हसायची. तिला आठवा सर. मी थांबते.