खिडकीची जागा

आमची माय एसटीत बसली का उलटी ठरलेलीच, भाऊ! म्हणून बाबा ब्रह्मपुरीच्या स्टँडवर गाडी थांबाच्या आधीच खिडकीतून दुपट्टा टाकून तिची जागा धरतेत. अंदमानले गेलो, तर बेटावर जायच्या जहाजापाशीही दुपट्टा घेऊन धावले. काचा बंद! तरी लोकांले विनवून मायले खिडकी मिळवून देल्लीच.

समुद्रात जहाज हालाले लागलं अन् बाबाच पिशवीत तोंड घालून बसले. मायले काहीच नाई! पदराले बांधलेला लिंबू सोडून त्याइच्या नाकाशी धरून पाठीवरून हात फिरवत राह्यली.

बाबा कण्हत म्हणाले, "एवढं होते तुले दर खेपेले? कधी सांगतलं नाई!"

माय उठली. "या, खिडकीत बसा. दुपट्टा टाकून ठेवला मी."