शेवटचा रकाना

(जामसंडे. निवृत्त प्राध्यापक दत्तप्रसाद यांच्या घराची पडवी. भिंतीशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेलं फाइलींचं कपाट. पत्नी सुगंधा हातांना तेल लावून फणसाचे गरे काढत बसली आहे. दुपारचे साडेतीन. त्यांची जुनी विद्यार्थिनी जोया हातात मोबाइल घेऊन उभी आहे.)

जोया : पुन्हा वाचते, सर. तुम्ही आधी बसा.

दत्तप्रसाद : वाच. मी उभा बरा आहे.

जोया : ‘अर्जदाराचे गुण समाधानकारक आहेत. निवेदन चांगले आहे. परंतु दोनपैकी एका शिफारसपत्रात अर्जदाराविषयी कोणतेही मत दिलेले नसल्याने अर्ज मुलाखतीसाठी विचारात घेता आला नाही.’ संपलं. पुढे सही आहे.

दत्तप्रसाद : अरेरे. म्हणजे त्या कणकवलीच्या समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी घाईत काहीतरी पाठवलं असणार. तू उन्हाळाभर तिथे काम केलंस आणि त्यांना चार ओळी लिहायला वेळ झाला नाही. वाईट वाटतं.

जोया : त्यांचं पत्र चांगलं होतं. मी एम.ए.च्या विभागात फोन केला, सर. तिथल्या मॅडम म्हणाल्या की आम्ही नावं सांगत नाही. मी रडायला लागले तेव्हा हळूच म्हणाल्या, ज्यांनी तुला कॉलेजात दोन वर्षं शिकवलं त्यांचं पत्र.

दत्तप्रसाद : कॉलेजात तुला...

जोया : मानसशास्त्र तुम्हीच शिकवलंत. दुसरं कोणी नव्हतंच.

सुगंधा : कसला पत्र गो? ता दोन म्हयन्यांपूर्वीचा? चार दिवस हेंचा जेवणावर लक्ष नव्हता त्या पत्रापायी. आमटीत मीठ नाय होता तरी कळाक नाय.

जोया : काकी, तेच. ऑनलाइन फॉर्म होता. सहा प्रश्न : बुद्धी, मेहनत, चिकाटी, लिखाण, लोकांशी वागणं, संशोधनाची कुवत. प्रत्येकापुढे रकाने. ही मुलगी शंभरात पहिल्या पाचांत बसते, पहिल्या दहांत, पहिल्या पंचविसांत, की सर्वसाधारण. आणि सगळ्यांत शेवटचा रकाना, ‘सांगता येत नाही’. त्या मॅडम म्हणाल्या, सहाच्या सहा खुणा शेवटच्या रकान्यात आहेत.

दत्तप्रसाद : हो. आहेत.

जोया : मला वाटलं तुम्ही म्हणाल की चुकून झालं. येताना रिक्षात मी तेच म्हणत होते. सरांना कॉम्प्युटर जमत नाही, बोट दुसरीकडे पडलं असेल.

दत्तप्रसाद : चुकून नाही, जोया. तीनदा तपासून मग पाठवलं. शंभरात म्हणजे कुठले शंभर? माझ्या वर्गात कधी एकतीसच्या वर मुलं बसली नाहीत. तुझी बुद्धी मी मोजलेली नाही. मोजमाप न करता आकडा सांगायचा, हे मी तुम्हाला कधी शिकवलं नाही.

जोया : आणि पत्र? पत्रात काय लिहिलं होतंत?

दत्तप्रसाद : ते पाठ आहे मला. ‘कु. जोया ही माझी विद्यार्थिनी होती. तिच्याविषयी अधिकाराने काही सांगावे इतकी माझी पात्रता नाही. निवड समितीतील विद्वान मंडळी तिची योग्य ती पारख करतील, असा विश्वास वाटतो.’

जोया : पुढे?

दत्तप्रसाद : पुढे काही नाही. आपला नम्र.

सुगंधा : वा. एवढ्यासाठी चार दिवस.

दत्तप्रसाद : सुगंधा, आपल्या माणसाची आपण तारीफ करू नये. समोरचा जाणता असतो, त्याला कळतं.

सुगंधा : ह्या तुमच्या घराण्यातलाच आसा. ऐक गो जोया. माझो सासरो. कलमां केवढी, आंबो कसलो, देवगडात तसो दुसरो नाय. आणि गिऱ्हाईक दारात इला की सांगायचो, ‘बघा बाबा, एखादो आंबट निघात.’ माणूस समोरच्या वाडीत जाय आणि थंयसून पेटी घेय. सासरो म्हणायचो, आपल्या आंब्याक आपण गोड म्हणूचा नाय, खाणारो म्हणात. अरे पण खाणारो खाईत तेव्हा ना.

दत्तप्रसाद : त्याचा इथे काय संबंध?

जोया : सर, मी ह्याच कपाटासमोर तीन वर्षं बसलेय. एम.ए. कशात करायचं, क्लिनिकल की समुपदेशन की शाळेसाठीचं, हे मला ह्या फाइलींतून कळलं. पुढे परवाना कशाला लागतो आणि कशाला नाही, तेही. जुन्या प्रवेश परीक्षांच्या प्रश्नपत्रिका तुम्ही हातानं उतरवून ठेवल्यायत. कुणकेश्वरपासून मुलं येतात ह्याच्यासाठी. त्या निळ्या वहीत ‘निवेदन कसे लिहावे’ आहे. पहिलंच वाक्य, ‘स्वतःविषयी लिहिताना संकोच करू नये.’

दत्तप्रसाद : ते विद्यार्थ्यांसाठी आहे.

जोया : ‘शिफारसपत्र कसे मागावे’ ह्यावर दोन पानं आहेत. कसं द्यावं ह्यावर एक ओळ नाही.

दत्तप्रसाद : मला कोणी कधी दिलं नाही. मी कधी मागितलंच नाही. त्यामुळे कसं असतं ते पाहण्यात आलं नाही.

सुगंधा : बस गो तू. उभ्या उभ्या कित्या बोलतंस? गरो खा.

जोया : नको काकी. सोमवारपासून मी इद्रीसचाचाच्या बर्फाच्या कारखान्यात बसतेय, कामगारांची हजेरी मांडायला. अब्बांनी एक वर्ष दिलं होतं मला. म्हणाले होते, एक वर्ष तू म्हणशील तसं, त्यानंतर मी म्हणीन तसं. त्यांचं काही चुकलं नाही, ते शब्दाला जागले. काल मेल आला तेव्हापासून मी एकच विचार करतेय की मी कुठे कमी पडले. रात्रभर स्वतःचं निवेदन वाचत होते.

दत्तप्रसाद : तू कमी पडली नाहीस.

जोया : हे तुम्ही आत्ता मला सांगताय. तिकडे सांगायचं होतं.

सुगंधा : बरोबर बोलता ता.

जोया : सर, एक विचारू? माझ्या आधी कोणाकोणाला पत्र दिलंत तुम्ही?

दत्तप्रसाद : यादी आहे. कपाटाच्या खालच्या खणात. तपकिरी वही. नाव, वर्ष, कुठे अर्ज केला, शेरा.

जोया : ही? ओंकार. किशोरी. संचिता. दत्ताराम... सात आहेत. सगळ्यांना काय लिहिलंत?

दत्तप्रसाद : तेच.

जोया : तेच म्हणजे?

दत्तप्रसाद : मजकूर तोच. नाव बदलून. दर वेळी वेगळं लिहायला बसतो आणि शेवटी तेच उतरतं. एकाला जास्त, एकाला कमी, असा भेद माझ्याच्यानं झाला नाही.

जोया : खुणा?

दत्तप्रसाद : ज्यांच्या फॉर्मात रकाने होते, त्यांच्या... हो.

जोया : ह्या सातांतलं कोण लागलं?

दत्तप्रसाद : स्पर्धा फार असते, जोया. एका जागेला पन्नास अर्ज. आपली मुलं इंग्रजीला बुजतात. मी शेऱ्यात लिहिलंय बघ.

जोया : ओंकारपुढे ‘तयारी कमी पडली’. किशोरीपुढे ‘आत्मविश्वास कमी’. संचितापुढे पुन्हा ‘तयारी कमी पडली’. सर, कोण लागलं?

दत्तप्रसाद : अक्षया. अक्षया लागली. आता मोठ्या इस्पितळात आहे ती.

जोया : अक्षया ह्या यादीत नाही.

दत्तप्रसाद : नाही. तिनं माझं पत्र घेतलं नव्हतं. शिरोड्याला तिच्या मामांच्या ओळखीचे एक प्राचार्य होते, त्यांचं घेतलं. मला तेव्हा थोडं लागलं होतं.

जोया : म्हणजे जिनं तुमचं पत्र घेतलं नाही, ती एकटीच गेली.

सुगंधा : अहो.

दत्तप्रसाद : थांब. मला जरा बसू दे.

सुगंधा : हयसर बसा. फणस सरकवतंय. पाणी पियतास?

दत्तप्रसाद : सातजण. मी दर वर्षी निकालानंतर ही वही काढायचो आणि शेरा लिहायचो. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवायचो. मला एकदाही वाटलं नाही की...

सुगंधा : संचिता माका बाजारात गावता. औषधांच्या दुकानात आसा कामाक. मी एकदा विचारलंय, काय गो, पुढे शिकाक नाय? तर म्हणाली, काकी, माझीच कुवत नव्हती. सरांनी केवढा केलानी माझ्यासाठी. त्यांका सांगू नकात, वायट वाटात त्यांका.

दत्तप्रसाद : हे मला का नाही सांगितलंस?

सुगंधा : नको सांगू म्हणाली ना ती.

जोया : सर, मी भांडायला आले नव्हते. म्हणजे आले होते. पण हे मला माहीत नव्हतं.

दत्तप्रसाद : मी आयुष्यभर मनाचं शास्त्र शिकवलं. ‘मी कमी पडलो’ ह्या एका समजुतीनं माणसाचं काय होतं, त्यावर माझं आवडतं व्याख्यान होतं.

जोया : आता माझं ऐका. त्या मॅडमनी शेवटी सांगितलं की प्रतीक्षायादीच्या मुलाखती अजून बाकी आहेत. दोन जागांसाठी. तुमची लिंक त्यांनी पुन्हा उघडलीय. आज पाच वाजेपर्यंत. आत्ता चार वाजत आलेत. म्हणून मी आले.

दत्तप्रसाद : आधी का नाही बोललीस?

जोया : आधी विचारायचं होतं की चुकून झालं का.

दत्तप्रसाद : पण आता मी काही लिहिलं तर ते म्हणतील, मुलीनं दबाव आणून लिहवून घेतलं. पहिल्यांदा काहीच सांगता येत नव्हतं, दोन महिन्यांनी सगळं सांगता येतं? आणि माझी भाषा... मला कौतुक करता येत नाही गं. शब्द खोटे वाटतात, माझेच मला.

सुगंधा : अहो, तुमच्या खोट्याखऱ्यात त्या पोरीचो सोमवार येतलो.

जोया : कौतुक नकोच, सर. तुम्ही पहिल्या वर्षी काय सांगितलं होतंत? मत नंतर. आधी काय बघितलं ते लिहा. तेवढंच सांगा. मी बाहेर जाऊन थांबते, काकी टाइप करतील.

सुगंधा : माझे हात चिकाचे. आणि माका ता येणा नाय. तूच बस, फक्त मान खाली घाल.

दत्तप्रसाद : काय बघितलं. बरं. लिही. दुसऱ्या वर्षी मी झोपेवर पाहणी करायला सांगितली होती. दहा माणसं विचारायची होती. जोया देवगड बंदरात गेली. मासळीच्या लिलावाला येणाऱ्या बायकांना तिनं प्रश्न विचारले. थांब. दहांना नाही. त्रेचाळीस. त्रेचाळीस लिही.

जोया : लिहिलं.

दत्तप्रसाद : माझा छापील प्रश्न होता, ‘रात्री झोप नीट लागते का?’ पहिल्या दिवशी सगळ्या बायकांनी ‘हो’ सांगितलं आणि टोपल्या उचलून गेल्या. इतर मुलांनी तसंच लिहून आणलं. जोया परत गेली. तिनं माझा प्रश्न खोडला आणि दुसरा विचारला. ‘घरचा माणूस बोटीवर असला की रात्री किती वेळा उठून दार बघता?’

सुगंधा : असा विचारलंस गो तू?

जोया : आमची बिबीजान दादी अशीच उठायची, काकी. म्हणून.

दत्तप्रसाद : मग त्या बोलल्या. एकीनं चार वेळा सांगितलं, एकीनं सात. एक म्हणाली, दार लावतच नाही. मी त्या दिवशी तिची वही घरी आणली आणि दोनदा वाचली. मी पस्तीस वर्षं तो छापील प्रश्न वापरत होतो. तो चुकीचा आहे हे मला ह्या मुलीनं दाखवलं. हे लिही. शेवटचं वाक्यही लिही.

जोया : सर, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. वहीवर फक्त ‘ठीक’ लिहून दिलं होतंत.

दत्तप्रसाद : हो. आता रकाने घे.

जोया : संशोधनाची कुवत. शंभरात?

दत्तप्रसाद : मी एकूण तीनशे बारा मुलं शिकवली. हजेरीपटांवरून काढलेला आकडा आहे, तोही पत्रात घाल. त्यांत असं काम करणारी दोनच. पहिला रकाना.

जोया : लोकांशी वागणं?

दत्तप्रसाद : पहिला. लिखाणाला दुसरा दे, तुझे ऱ्हस्वदीर्घ अजून चुकतात. बाकी सगळीकडे पहिला.

जोया : सर, दुसरं कोण? दोन म्हणालात.

दत्तप्रसाद : संचिता.

सुगंधा : ऐकलंस जोया? आणि शेऱ्यात काय, तर तयारी कमी.

जोया : पाठवते. चार पस्तीस. गेलं. ‘आपला प्रतिसाद नोंदवला आहे.’ सर, मी अजून रागावलेली आहे. मुलाखत नाही मिळाली तर जास्तच रागावेन. खोटं कशाला सांगू.

दत्तप्रसाद : रागाव. तुझा अधिकार आहे तो. मुलाखत मिळो न मिळो, सोमवारच्या आधी मी तुझ्या अब्बांशी, जुबेरशी, बोलायला येतो. तू कमी पडली नाहीस, हे त्याला माझ्या तोंडून कळू दे.

सुगंधा : अब्बाक फोन करून ठेव गो. हे वाटेतसून परत फिरतीत.

दत्तप्रसाद : सुगंधा, तुझ्याकडे संचिताचा नंबर आहे?

सुगंधा : आसा. जोया, माझो फोन घे, लावून दी हेंका. माझे हात असे.

जोया : वाजतोय, सर. धरा.

दत्तप्रसाद : संचिता? मी... दत्तप्रसाद सर बोलतोय. नाही नाही, घरी सगळं ठीक आहे. काकी इथेच आहेत. तुला एक सांगायचं होतं. तुझ्या त्या अर्जाबद्दल, सहा वर्षांपूर्वीच्या. हो, तोच. तो तुझ्यामुळे नाकारला नव्हता. माझ्यामुळे... काय? गिऱ्हाईक आलंय? बरं बरं. दे त्याला औषध, घाई करू नकोस. नाही, मी ठेवत नाही फोन. मी थांबलोय.